आर्वीच्या दवाखान्यातली हॅना

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. माझ्या हातून फजितीचे प्रकार तसे बरेच घडले आहेत, पण हा प्रकार मी गावातल्या प्रतिष्ठित लोकांना आठवडाभर आधी निमंत्रण देऊन, खुर्च्या मांडून, वर नाश्त्याची सोय करून त्यांच्यासमोर सादर केला. इतकी नीट आयोजित केलेली फजिती किती जणांच्या वाट्याला येते, सांगा बरं?

मी आर्वीत दातांची डॉक्टर आहे. आता दाताच्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेला माणूस कसा असतो तुम्हाला माहीतच आहे. आतून मशीनचा आवाज आला की तो आधी दाराकडे बघतो आणि मग चपलांकडे. एकदोन पेशंट असेच चप्पल घालून निघून गेले, तेव्हा माझ्या मदतनीस सुषमानं सुचवलं, "मॅडम, बाहेर गाणे लावत जा नं. लोकायचं ध्यान दुसरीकडे राहीन."

मी भजनं लावली. दुसऱ्याच दिवशी एका आजोबांनी दबक्या आवाजात सुषमाला विचारलं, "काऊन वं पोरी, आत कोनी गेलं का?"

भजनं बंद केली. मग फोनवर शोधता शोधता मला स्मूथ जॅझ सापडलं. मोठ्या हॉटेलात जेवताना मागे कुठेतरी सॅक्सोफोन वाजत असतो, कुणालाही त्रास न देता, तसं संगीत. ते लावलं आणि बाकावरची माणसं चक्क पेंगायला लागली. एका बाईंना तर त्यांचा नंबर आला तेव्हा हलवून उठवावं लागलं. पेशंटांचं मला माहीत नाही, पण मला मात्र ते संगीत मनापासून आवडायला लागलं. आणि एखादी गोष्ट मला आवडायला लागली की महिन्याभरात मी तिच्यातली जाणकार होते. हा माझा जुना आजार आहे.

त्याच सुमारास पुलगावच्या लष्करी डेपोतले एक अधिकारी बदली होऊन निघाले होते. त्यांच्या पत्नी माझ्या पेशंट. घरातलं सामान काढून टाकताना त्यांनी मला एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचा एक खोका दिला. "आमच्या सासऱ्यांचा आहे, तेही इथल्याच डेपोत होते. आमच्याकडे कोणी ऐकत नाही," म्हणाल्या. मी तो दवाखान्यात आणून टेबलावर मांडला. मोठ्या तबकड्या होत्या, इंग्रजी गाणी होती, सगळ्या छान वाजल्या. प्लेअरच्या बाजूला एक छोटी दांडी होती, तिच्याजवळचे आकडे पुसले गेले होते. मला वाटलं, झाकण बंद करायची कडी असेल. हात लावायची गरजच पडली नाही.

खोक्याच्या तळाशी एक लहान तबकडी निघाली, बशीएवढी. पाकीट नाही, काही नाही. मधल्या गोल कागदावर कधीतरी काहीतरी सांडलं असावं, कारण बहुतेक अक्षरं धुऊन गेली होती. सुरुवातीला इंग्रजीत जे, ए, एस एवढं दिसत होतं आणि शेवटी बँड.

मी ती लावली आणि खरं सांगते, हातातलं काम विसरून उभी राहिले.

एक सॅक्सोफोन. खोल, जड, जरा घोगरा. मागे ढोल, पण तोही असा दबलेला, की कुणाच्या छातीतले ठोके ऐकतोय असं वाटावं. त्या वाजवणाऱ्याला कसलीही घाई नव्हती. एकेक सूर तो असा सोडत होता, जणू त्याला तो परत मिळणार नाही. आणि मधेच वाजणं जरासं थांबतं, आणि एका पुरुषाचा दुःखानं जड झालेला आवाज येतो.

"हाऽऽना… बेऽऽ…"

अंगावर काटा आला माझ्या.

मी लगेच ते फोनवर रेकॉर्ड करून कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. पुण्याची माधवी त्यातली संगीताची अधिकारी, कारण तिनं संगीत कसं ऐकावं याचा कोर्स केला आहे. तिचा फोन आला.

"हॅना म्हणतोय तो. हॅना, बेब. शेवटचा ब गिळलाय."

"का गं गिळला असेल?"

"रडू आलं असणार. दुसरं काय?"

मग तिनं सांगितलं की पूर्वी जॅझचं स्पेलिंग एस घालून करायचे, म्हणजे जे, ए, एस हे जॅझच, आणि तबकडी फार दुर्मीळ असणार. वाजवणारा बहुतेक गोव्याचा. बोटीवर नोकरी करत असेल, तिथे ही हॅना भेटली असेल. दुसऱ्या मैत्रिणीनं हॅना जर्मन होती असं ठरवलं. तिसरीला ती नर्स वाटली. संध्याकाळपर्यंत हॅना त्याला सोडून परत गेली होती आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नव्हतं. आम्ही पाच बायकांनी मिळून एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ता नाही.

दवाखान्यात आता ती तबकडी रोज वाजायला लागली. आणि रोज कुणाला तरी मी हॅनाची गोष्ट सांगायला लागले. माझा सगळ्यात सहनशील श्रोता होता आंजी मोठी गावचा दौलतबाबा.

दौलतबाबा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, काटक, पांढऱ्याशुभ्र शर्टातला म्हातारा. त्याला मी वरच्या दातांची कवळी करून दिली होती. कवळी दिसायला इतकी सुरेख जमली होती, की मी तिचा फोटो काढून ठेवला होता. पण बाबा पुन्हा पुन्हा येत होता.

"बाई, बाकी सगळं ठीक हाय. पन फुकता येत नाई."

"काय फुंकता येत नाही?"

"हवा निघून जाते बाजूनं. अन् मंग दात सरकते."

"बाबा, चहा जरा थंड होऊ द्या. बशीत ओता. फुंकायची गरज काय?"

तो माझ्याकडे क्षणभर बघायचा आणि म्हणायचा, "ठीक हाय." मग बाहेर बाकावर बसून एसटीची वेळ होईपर्यंत संगीत ऐकायचा. एकदा मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"कसं वाटतं, बाबा?"

"मस्त वाजवून राह्यला," तो म्हणाला. "दम चांगला हाय त्याच्यात."

"हा माणूस फार एकटा होता. त्याची हॅना त्याला सोडून गेली."

"कोन?"

"हॅना. त्याची मैत्रीण होती. गोऱ्या लोकांपैकी."

"अरेरे," बाबा म्हणाला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "लेकरंबाळं?"

"नाही हो. लग्नच झालं नाही."

बाबा मनापासून हळहळला. मग आणखी थोडं ऐकून म्हणाला, "पन बाई, लय हळू वाजवते. वरातीत तं लोक याले उभं नाई करनार."

मी हसले. समजून घेतल्यासारखं हसतात ना, तसं. म्हणाले, "बाबा, हे वरातीत वाजवायचं संगीत नाही. हे ऐकायला कान तयार करावा लागतो." त्यावर त्यानं मान डोलावली. आणि मी त्या माणसाला, त्या माणसाला, सॅक्सोफोनमधे श्वास कसा वापरतात हे समजावून सांगितलं. हातवारे करून.

पुढचं ऐका. आमच्या आर्वीच्या डॉक्टर मंडळींचा महिन्यातून एकदा मेळावा असतो. दर वेळी एकानं काहीतरी सादर करायचं. कुणी सहलीचे फोटो दाखवतं, कुणी गुडघ्यांवर बोलतं. माझी पाळी आली तेव्हा मी जाहीर केलं, "एक हरवलेला सूर". रविवारी सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या लावल्या. मंडळी जोडीनं आली. आमचे सगळ्यात ज्येष्ठ सर्जन पहिल्या रांगेत बसले. माधवीला व्हिडिओ कॉलवर घेऊन फोन फुलदाणीला टेकवून ठेवला.

नेमका त्याच सकाळी दौलतबाबा आला. कवळी हिरडीला लागत होती. सुषमानं त्याला मागच्या खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "बाबा, मॅडमचा कार्यक्रम झाला का पाहतेच तुमचं."

मी बोलायला उभी राहिले. तयारी दांडगी होती. "मित्रहो," मी म्हणाले, "या श्वासात समुद्र आहे. ज्यानं कधीच किनारा सोडला नाही, अशा माणसाला असं वाजवता येणार नाही." हॅनाबद्दल बोलताना माझा आवाज जरासा कापला. तो मी मुद्दाम कापवला नव्हता. बालरोगतज्ज्ञांच्या पत्नीनं डोळ्यांना पदर लावला. मग मी तबकडी लावली.

खोली अगदी शांत झाली. सॅक्सोफोन सुरू झाला. सर्जनसाहेबांनी डोळे मिटले. तेवढ्यात सुषमा आलूबोंड्यांचा ट्रे घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिनं ट्रेनंच प्लेअर जरा सरकवला. ट्रेची कड त्या दांडीला लागली. खट् असा आवाज झाला.

आणि खोलीत वरात घुसली.

दुसरं काय सांगू? तोच सॅक्सोफोन, पण आता लखलखीत, उंच, पोरं घोड्यापुढे नाचतात तसला. ढोल, ताशा, खुळखुळे, सगळं जागच्या जागी. आणि मधल्या जागेवर तो दुःखी माणूस खणखणीत वऱ्हाडीत ओरडला, "हान ना बे!"

म्हणजे ढोल जोरात बडव, लेका. एवढंच. ही आमची हॅना.

सर्जनसाहेबांनी डोळे उघडले. बालरोगतज्ज्ञांच्या पत्नीचा पदर अजून डोळ्यांनाच होता, पण आता खांदे हलत होते. फुलदाणीजवळून माधवीचा आवाज आला, "अगं, तुमच्याकडे बाहेर कुणाचं लग्न आहे का?"

मी त्या दांडीकडे बघत राहिले. लहान तबकडीचा वेग वेगळा असतो, ती दांडी त्यासाठी असते, हे मला तेव्हा कळलं. इतके महिने मी एका वरातीला ओढत ओढत स्मशानाकडे नेत होते.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दौलतबाबा उभा होता.

"हा तं जसवंत," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. बाबा खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला, प्लेअरशी वाकला आणि फिरणाऱ्या तबकडीकडे बघत राहिला.

"जसवंत बँड. पुलगावचा. हा वरडून राह्यला नं, हा आमचा मालक. ढोलवाला हळू पडला का असाच वरडे." मग जरा थांबून, कान पुढे करून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "अन् हा वाजवून राह्यला नं, तो मीच हाओ."

मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणजे तोंडात नाही, त्याच्याकडे.

हळूहळू सगळं कळलं. मालकानं एका वर्षी सगळ्या पोरांना मुंबईला नेऊन तबकडी काढून आणली होती. जे लग्नासाठी बँड ठरवायचे त्यांना एकेक भेट द्यायची. डेपोतल्या लोकांकडे बरीच लग्नं वाजवली होती, त्यातलीच ही एक असणार. "एका बंद खोलीत वाजवा लागलं आमाले," बाबा म्हणाला. "जसवंत तिथंही वरडला. त्या साहेबानं मना केलतं, तरी वरडला. माह्याजवळ एकही नाई राह्यली. जसवंतही नाई राह्यला आता."

सर्जनसाहेब उठून आले आणि त्यांनी बाबाचा हात हातात घेतला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला नव्हत्या वाजवल्या तेवढ्या. मी म्हटलं, "बाबा, माफ करा. मी तुमचं सगळं बिघडवून ऐकत होते, आणि वर तुम्हालाच शिकवत होते."

त्यानं ते ऐकलंच नाही बहुतेक. म्हणाला, "बाई, ते मघाचं लावा नं. हळूवालं."

मी दांडी परत मागे केली. तो खुर्ची ओढून प्लेअरसमोर बसला. जसवंतचा आवाज पुन्हा जड होऊन आला. पण आता तो हॅनाचा कुणी नव्हता, नसलेल्या मालकाचा आवाज होता, आणि खरं सांगू का, तो पहिल्यापेक्षा जास्त लागला.

तबकडी संपल्यावर बाबा म्हणाला, "मले नाई मालूम होतं मी असं वाजवतो म्हनून."

"बाबा, ते मशीननं हळू केलंय."

"मशीनले काय दम हाय? दम तं माह्याच हाय नं." मग म्हणाला, "लय वाटे, का एखाद्या वेळी असं सुस्तावून वाजवावं. पन वरातीत कोन वाजवू देते? हान म्हनते तं हाना लागते."

"मग घरी नाही वाजवलं कधी?"

"घरी वाजवत जाईन म्हटलं होतं, काम सुटल्यावर. अन् दात गेले."

सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवून ठेवावे लागतात. दात सरकले की ओठ सुटतो, बाजूनं हवा जाते. हे मला बाबानं त्या दिवशी सांगितलं नाही. त्यानं ते आधीच कितीतरी वेळा सांगितलं होतं. मी त्याला बशीत चहा ओतायला सांगत होते.

बघा ना. एका माणसाचा श्वास मी रोज ऐकत होते, त्याला गाव दिलं, बोट दिली, बायको द्यायची तेवढी राहिली होती. आणि तोच माणूस माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला. त्याची शुगर मी विचारली होती, बीपी विचारलं होतं, तंबाखू विचारली होती. बाबा, तुम्हाला दात कशासाठी पाहिजेत, हा एक प्रश्न काही सुचला नव्हता. कवळीचा फोटो मात्र काढला होता.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुमचा सॅक्सोफोन घेऊन या."

तो जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आला. पितळ काळवंडलेलं, दोन बटणांना दोरा बांधलेला, तोंडाशी वेताची पातळ पत्ती, ती भिजल्याशिवाय नीट वाजत नाही म्हणे. आम्ही कवळी तोडली आणि पुन्हा केली. बाबा खुर्चीत बसून वाद्याचं तोंड दातांखाली धरायचा, मी बोट घालून बघायची की कवळी कुठे उचलते. सुषमा म्हणाली, "मॅडम, आपन दवाखाना चालवून राह्यलो का बँडवाल्याचं दुकान?" नव्यानं केलेली पहिली कवळी मागून सुटत होती. दुसरीत हवा टिकली, पण दाबल्यावर हिरडीला लागत होती. माझी चिडचिड व्हायची, बाबाची नाही. तो म्हणायचा, "होईन, बाई. घाई कायची?"

तिसरी बसवली त्या दिवशी बाहेर चारपाच पेशंट होते. मी सगळ्यांना सांगून टाकलं की आज बाबा वाजवणार आहेत. बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीशी जाऊन बसला. चादर सोडली, पाठ ताठ केली, वाद्य तोंडाला लावलं. सुषमानं पंखा बंद केला.

मी दारात उभी राहून डोळे मिटले. या वेळी मी नीट ऐकणार होते.

एक लांब, खालचा सूर आला. खरखरीत. मधेच कापला, तुटला, पुन्हा उचलला. मग थोडी शांतता. मग त्याहून खालचा एक, अर्ध्यातच सोडून दिलेला. इतक्या वर्षांच्या वराती, तो मालक, रिकामं झालेलं तोंड, सगळं त्या दोन सुरांत मला ऐकू आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हातमोजा न काढताच मी ते पुसलं.

"बाबा," मी म्हणाले, "काय वाजवलंत हो."

दौलतबाबानं वाद्य तोंडातून काढलं आणि माझ्याकडे काळजीनं बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "अजून सुरू नाई केलं. पत्ती भिजली का पाहून राह्यलो."